चौथ्या दिवसाचा रंग

झाऱ्याचा पहिला फटका ऐकू आला तेव्हा मी पेन्सिलीला टोक करत होते. दुसऱ्या फटक्याला टोक मोडलं. तिसरा भिंतीवर बसला असावा, कारण त्याचा आवाज कोरडा होता. मग दादाचा आवाज आला, नेहमीसारखा खालच्या पट्टीतला. माझा भाऊ मारताना कधी ओरडत नसे.

"कुणी सांगितलं होतं तुला तोंड उघडायला?"

"त्या बाईंनीच विचारलं फोनवर," वहिनी म्हणाली. "तुमचे मिस्टर चित्रं फार सुरेख काढतात, म्हणाल्या. मी म्हटलं, हे नव्हं, आमच्या वन्सं काढतात. खोटं काय बोलले मी?"

चौथा फटका बसला. पाठोपाठ एक ताट पडलं आणि बराच वेळ फरशीवर गोल फिरत राहिलं.

ह्याला आता नऊ वर्षं झाली. मिरजेत आमचं तीन खोल्यांचं घर होतं. दादा, वहिनी आणि मी. दिवस गुरुवार, सकाळचे अकरा वाजले होते.

दादाची मोटरसायकल गल्लीबाहेर गेल्याचा आवाज आला तशी मी उठले. फूटपट्टी, रंगीत पेन्सिलींचा डबा आणि वही घेऊन स्वयंपाकघरात गेले. वहिनी ओट्याला पाठ टेकून खाली बसली होती. डावा हात तिनं मांडीवर उताणा ठेवला होता, दवाखान्यात रक्त तपासायला देतात तसा.

"बर्फ लावलास?" मी विचारलं.

"तुम्ही यायच्या आधी कसा लावू? मागं तुम्हीच म्हणाला होता की, बर्फानं रंग बदलतो."

मी तिच्याजवळ बसले. हात पालथा करून उजेडाकडे धरला. कोपर आणि मनगट यांच्यामध्ये दोन लालसर समांतर रेघा उठत होत्या. मधली पट्टी मात्र फिकट होती. गोल दांड्यानं मारलं की असंच होतं. दांड्याखालचं रक्त दोन्ही बाजूंना ढकललं जातं आणि वळ कडांना उठतो. मी फूटपट्टी लावली. लांबी नऊ सेंटिमीटर, दोन रेघांमधलं अंतर एक सेंटिमीटर दोन मिलिमीटर.

"तोंडावर मारत नाहीत, एवढं एक बरंय," वहिनी म्हणाली. "हळदीकुंकवाला जाता येतं."

"हलू नकोस."

"नीट काढा. तारीख घाला. कधीतरी लागंल हे सगळं."

"लागेल," मी म्हटलं, आणि किरमिजी पेन्सिल उचलली.

दादाला तो झारा कशासाठी हातात घ्यावा लागला, ते सांगायला हवं.

मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं. कोल्हापूरला दोन वर्षं बेडूक, झुरळं आणि गांडुळांची आतडी कागदावर उतरवली. आमच्या बाई म्हणायच्या, दिसतं ते काढा, माहीत आहे ते काढू नका. पुढे एका रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. ती प्रयोगशाळा बंद पडल्यावर मी ऑनलाइन कामं मिळतात त्या बाजारात शिरायचं ठरवलं. तिथं जगभरचे लोक कामं टाकतात, आणि जगभरचेच लोक ती मिळवायला तुटून पडतात. नोंदणीसाठी ओळखपत्र आणि बँकेचं खातं लागायचं. तेव्हा माझं लग्न ठरलं होतं.

"तुझं नाव-आडनाव बदलणार दोन महिन्यांत," आई म्हणाली होती. "मग पुन्हा सगळे कागद करत बसणार का? दादाच्या नावावर कर. घरचंच आहे."

मला ते पटलं. दादाचं नाव, दादाचा फोटो, दादाचं खातं. लग्न मोडलं, दीड वर्षानं आई गेली, पण नाव तेच राहिलं. तिथं एकदा दिलेलं नाव बदलता येत नाही, आणि एकाच्या खात्यावर दुसऱ्यानं काम करणं ही फसवणूक धरतात. कळलं तर खातं कायमचं बंद.

पहिल्या वर्षी मी त्रेचाळीस अर्ज केले. हृदयाची आकृती, मूत्रपिंडाचा छेद, दातांची रचना. तासाभरात दोनदोनशे लोक तेच काम माझ्याहून स्वस्तात करायला तयार असायचे. एकाचंही उत्तर आलं नाही. मग एक दिवस परिचारिकांच्या एका शाळेला, मार लागल्यावर कातडीचे रंग कसे बदलत जातात, त्याची चित्रं हवी होती. मी 'आदरणीय महोदय' वगैरे काही लिहिलं नाही. तीन चित्रं सरळ जोडून पाठवली. पहिला दिवस, तिसरा दिवस, सहावा दिवस. वीस मिनिटांत काम माझं झालं.

त्यानंतर मी दुसरं काही काढलं नाही. भाजल्याचे डाग, वळ, चावे, दोरीचे व्रण. वकील, विमा कंपन्या, पोलिसांना शिकवणाऱ्या संस्था. त्या सगळ्या गर्दीत एवढं एकच काम करणारं दुसरं कुणी मला तरी आढळलं नाही. चार वर्षांत एकशे बारा कामं झाली, पाचपैकी चार पूर्णांक नऊ तारे. 'जयसिंग ए. यांचे रंग विलक्षण खरे असतात,' असं लोक खाली लिहायचे.

जयसिंग ए. म्हणजे दादा. त्याचं मोबाइलचं दुकान बुडालं होतं. आता त्यानं त्याच गाळ्यात 'घरबसल्या डॉलर' नावाचा क्लास काढला होता. फळ्यावर माझे तारे दाखवून तो मुलांना सांगायचा, "गर्दीत हात वर करून उभं राहायचं नाही. आपली पाटी वेगळी लावायची." हे वाक्य मी जेवताना बोलले होते. त्या फोनवरच्या बाई म्हणजे क्लासमधल्या एका मुलीची आई. वहिनीनं सगळी पाटीच पुसली होती.

आणि तो आठवडाही नेमका नाजूक होता. ब्रिस्बेनच्या एका वकीलबाईंचं काम आम्ही पुरं केलं होतं. एका बाईला तिच्या नवऱ्यानं नळीनं मारलं होतं. नवरा म्हणत होता, ती जिन्यावरून पडली. तिचे फोटो होते ते पहिल्या दिवसाचे आणि नवव्या दिवसाचे. मधले दिवस तिनं घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. त्या मधल्या दिवसांत हात कसा दिसला असेल, ते ज्यूरीला दाखवायचं होतं. मी सात चित्रं दिली. आता कोर्टात लावण्यापूर्वी चित्रकारानं व्हिडिओवर त्यांची खात्री द्यायची होती. सोमवारी सकाळी अकरा वाजता.

"हे एवढं निभावलं की तुझं नाव लावू," दादा मला म्हणाला होता. "माझ्या नावाखाली. दोघं मिळून कंपनी. आरगे अँड आरगे."

"आधी माझं लाव."

"बघू की. वय बघून."

तो हसला होता, मीही हसले होते. ते नाव मला हवं होतं. किती हवं होतं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. एकशे बारा कामांखाली माझ्या हाताची सही कुठंही नव्हती.

शुक्रवारी वहिनीचा हात निळा झाला. शनिवारी जांभळा. रविवारी कडेला हिरवट छटा आली. रोज अकरा वाजता मी तिला खिडकीजवळ बसवलं आणि रोज नवं पान काढलं. रंगावरून दिवस सांगता येत नाही, असं पुस्तकं म्हणतात. अठरा तासांच्या आत पिवळा दिसत नाही, एवढंच त्यातल्या त्यात खात्रीचं. बाकी प्रत्येक कातडी निराळी. एका कातडीचं मात्र मला सगळं सांगता आलं असतं.

सोमवारी दादानं इस्त्रीचा शर्ट घातला. बाहेरच्या खोलीत टेबलावर लॅपटॉप ठेवला, मागच्या भिंतीवर क्लासचं प्रमाणपत्र अडकवलं. टेबलाखाली त्याचे व्यायामाचे दोन डंबेल असायचे, ते पायानं आत सारले. मी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी त्याच्या डाव्या बाजूला बसले. अडलं तर मी वहीवर इंग्रजीत लिहायचं आणि त्यानं वाचायचं, असं ठरलं होतं.

वकीलबाईंचं नाव हेलन. केस पांढरे, आवाज मऊ. दहा मिनिटं सगळं सुरळीत चाललं. दादा चांगला बोलतो. नळीनं मारलं की दोन रेघा उठतात, जिन्याच्या कडेनं तशा उठत नाहीत, हे त्यानं मी लिहिलं तसंच्या तसं सांगितलं.

"उत्तम," हेलन म्हणाल्या. "आता एकच शंका. चौथ्या दिवसाचं चित्र."

पडद्यावर ते चित्र उघडलं. त्यांनी ते मोठं करत नेलं, मनगटापर्यंत.

"इथं एक खूण आहे. चंद्रकोरीसारखी, जुनी, भाजल्याची वाटते. माझ्या अशिलाच्या हातावर अशी खूण नाही. फोटोतही नाही आणि तुमच्या बाकीच्या सहा चित्रांतही नाही. ही कुठून आली?"

मी त्या खुणेकडे पाहिलं. ती मीच काढली होती आणि काढताना मला दिसलीच नव्हती. म्हणजे दिसली होती, म्हणूनच काढली होती. वहीवर लिहायला पेन टेकवलं आणि काहीच लिहिलं नाही.

दादानं माझ्याकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. "चुकून," तो म्हणाला. "सावली असेल."

"सावली नाही. अगदी बारकाईनं काढली आहे. जयसिंग, समोरचे वकील मला हेच विचारतील. चौथा दिवस तुम्ही कशावरून काढलात?"

"अनुभवावरून."

"कशाच्या अनुभवावरून?"

त्याच वेळी वहिनी ट्रेमध्ये चहा घेऊन आली. दादानंच सांगितलं होतं, सव्वाअकराला चहा आण, घर चांगलं दिसतं. तिनं ट्रे टेबलाच्या कडेला टेकवला आणि तिची नजर पडद्यावर गेली. तिला इंग्रजी येत नव्हतं. तिनं चित्र पाहिलं. खूण पाहिली. मग बाही कोपरापर्यंत सारली आणि आपला हात पडद्याशेजारी धरला. मार बसून चार दिवस झाले होते. तोच हिरवा, तोच पिवळा, मनगटावर तव्याच्या कडेची तीच चंद्रकोर.

"हा माझा हात की," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. ओळखीचं माणूस परगावी भेटावं तसं म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "वन्सं, हा माझा हात ह्यांच्याकडं कसा?"

"ह्या कोण? काय म्हणाल्या?" हेलननी विचारलं.

"माझी मिसेस," दादा हसला. "चहा थंड होतोय म्हणतेय." आणि मराठीत, तसंच हसत, "आत जा. आत्ताच्या आत्ता आत जा."

वहिनी हलली नाही. ती माझ्याकडेच बघत होती.

मी खुर्ची सरकवून कॅमेऱ्यासमोर आले. मी तीन वाक्यं बोलले. हा आपला हात आहे, असं माझी वहिनी म्हणाली. चित्र मी काढलं आहे, सगळीच मी काढली आहेत. आणि मारलं ते ह्या माझ्या भावानं.

हेलननी चष्मा काढला. "तुम्ही दोघी आत्ता सुरक्षित आहात का?" असं त्या विचारत होत्या. तेवढ्यात दादानं लॅपटॉपचं झाकण अलगद मिटलं. तो उठला, दाराची कडी घातली, शर्टाच्या बाह्या दोनदा दुमडल्या.

"चार वर्षं," तो म्हणाला. "चार वर्षांचं तीन वाक्यांत घालवलंस होय गं, वृषे?"

त्यानं माझे केस धरले आणि कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं. कप खाली गेले. मला गरम काहीतरी लागलं, तो चहा होता की रक्त, कळलं नाही. त्यानं दुसऱ्यांदा आपटलं. वहिनी मध्ये आली तेव्हा त्यानं मागं न बघता कोपर मारलं, ते तिच्या बरगडीत बसलं आणि ती भिंतीशी बसली. मग त्यानं माझा उजवा हात मनगटाशी धरून टेबलावर पसरला.

"हा हात कुणाच्या नावावर आहे? सांग की. कुणाच्या नावावर आहे?"

त्यानं वाकून टेबलाखालचा एक डंबेल उचलला. पाच किलोचा. तो त्यानं फेकला नाही, फार उंचही नेला नाही. नेम धरून खाली आणला. तर्जनी आणि मधलं बोट. ओली काटकी मोडावी तसा आवाज झाला, आणि मी ओरडले तो आवाज मला दुसऱ्याच कुणाचा वाटला.

त्यानं डंबेल पुन्हा वर उचलला. टेबलाखाली दुसरा होता. वहिनीनं तो दोन्ही हातांनी ओढून काढला, बसल्या बसल्याच, आणि त्याच्या उजव्या गुडघ्यावर बाजूनं हाणला. दादा उभ्या उभ्या वाकडा झाला. तोंड उघडलं पण आवाज आला नाही. तो पडला तेव्हा तिनं आणखी एकदा हाणला, त्याच गुडघ्यावर. मग डंबेल खाली ठेवला. आपटला नाही, ठेवला.

"कडी काढा," ती मला म्हणाली.

मी डाव्या हातानं कडी काढली. आम्ही उंबऱ्याबाहेर आलो. गल्लीत भाजीवाला उभा होता, तो आमच्याकडे बघून दोन पावलं मागं सरला.

"वही घेतली?" वहिनीनं विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली. ती परत आत गेली. आतून दादाचा आवाज आला, पहिल्यांदाच मोठ्यानं, शिव्यांचा. ती त्याच्या अंगावरून ओलांडून गेली असणार, कारण दुसरी वाट नव्हती. बाहेर आली तेव्हा तिच्या काखेत माझी वही होती.

आधी दवाखाना, मग पोलीस स्टेशन. माझी दोन बोटं प्लास्टरमध्ये आणि कपाळाला सात टाके. दादा त्याच वेळी दुसऱ्या दवाखान्यात होता, बाहेर हवालदार बसवलेला. फौजदार बाई होत्या, कदम नावाच्या. टेबलावर अर्धा खाल्लेला पेरू. त्यांनी वहिनीचा हात पाहिला, मग तिनं पुढे केलेली वही उघडली. एकेक पान उलटत गेल्या. तारीख, वेळ, लांबी, रुंदी, रंग. डावा दंड. उजवी पोटरी. पाठ, खालचा भाग. चार वर्षं.

"एवढा पुरावा घेऊन आजवर कुणी आलं नव्हतं माझ्याकडं," त्या हळू म्हणाल्या. "कुणी काढलंय हे?"

चार वर्षं मी हा प्रश्न कुणीतरी विचारायची वाट बघत होते. सभागृहात, पत्रात, फोनवर, कसाही.

"मी," मी म्हणाले.

"नाव?"

मी नाव सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, पूर्ण, आडनावासकट.

"आणि ही बाई कोण? इथं नुसतं 'नमुना एक', 'नमुना दोन' असं आहे. एकसष्टपर्यंत. नाव कुठंच नाही. कोर्टात विचारतील, कुणाचं अंग आहे हे?"

"माझं," वहिनी म्हणाली. "रोहिणी जयसिंग आरगे."

"मग ह्यांना लिहायला सांगा प्रत्येक पानावर."

"त्यांचा हात मोडलाय," वहिनी म्हणाली. "मी लिहिते."

तिनं पेन घेतलं. एक पान, एक नाव. अक्षर मोठं, शाळेतलं. अधूनमधून ती थांबायची आणि सांगायची, "हे गॅस संपला तेव्हाचं." "हे मी माहेरी दोन दिवस जास्त राहिले तेव्हाचं." "हे कशाचं ते आठवत नाही." कदम बाई ते टिपून घेत होत्या. मधल्या एका पानाच्या कोपऱ्यात मी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'पाठवलं, परिचारिका शाळा, पसंत.' वहिनीनं ते वाचलं. पुढच्या पानांवरही तसंच काही होतं. 'पाठवलं, विमा.' 'पाठवलं, ब्रिस्बेन.' तिनं प्रत्येक वाचलं आणि त्याच्याखाली आपलं नाव लिहिलं.

खातं दुसऱ्याच दिवशी बंद झालं. हेलननी माझी चित्रं कोर्टात लावली नाहीत, लावणं शक्यही नव्हतं. नुसत्या फोटोंवर त्या लढल्या. त्या बाईचं पुढे काय झालं, मला कळलं नाही. बोटं जुळल्यावर मी माझ्या नावानं नवं खातं उघडलं, शून्य ताऱ्यांचं. आता मी ज्यांची चित्रं काढते त्यांची सही आधी घेते. वहिनी जतला माहेरी गेली, तिथं शिवणाचं दुकान चालवते. दादाच्या खटल्यात तारखेला भेटायची, जतहून बस बदलून यायची, माझ्या डब्यातलं खायची. निकाल लागल्यापासून भेट नाही.

पण त्या दिवशी, एकसष्टावं पान झाल्यावर, कदम बाईंनी वही मिटली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"एक विचारू? रागावू नका. चार वर्षं तुम्ही शेजारच्या खोलीत होता. आणि नुसतं काढत होता?"

वहिनीनं पेनाला टोपण लावलं, ते टेबलावर सरळ ठेवलं.

"तसं नका म्हणू, मॅडम," ती म्हणाली. "वन्संच्या कामात खोट नाही. एक दिवस चुकवला नाही त्यांनी."